केगमधली पुरचुंडी

चार माणसं एका जागी एकाच कामामागे लागली की किस्से आपोआप साठतात. कांडपाची खोली कितीही झाडा, फटीफटीत मिरचीची भुकटी उरतेच. मग कधीतरी, सगळं विसरल्यावर, भलत्याच वेळी शिंक येते. या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगायला घेतला की मागचे चार नाकाशी येतात!

कराडला माझं मिरची-कांडप आहे. विजेवर मिरची कुटणारे दोन डंक, एक मोठी कढई आणि मी. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. ज्या वयात पोरी पाटी घेऊन बसतात त्या वयात मी मिरच्यांचे देठ खुडत होते. दोन हजार सातच्या सप्टेंबरात माझ्या मुलानं, सुहासनं, मला अमेरिकेत रेडमंडला आणलं. सुहास सॉफ्टवेअरमध्ये, सून मेघना एका लॅबमध्ये, नात ईशा आठ वर्षांची. विमानतळावरच्या साहेबानं पासपोर्टावर सहा महिन्यांचा शिक्का मारला. म्हणजे मार्चअखेर परत. मसाल्याचा हंगाम तेव्हाच सुरू होतो, त्यामुळे मला ते छान जुळत होतं.

सुहासला जुळत नव्हतं. त्याच्या टेबलावर एक फॉर्म तयार होता. आईला कायमचं इथं ठेवून घ्यायचा. सगळा भरलेला, फक्त सहीची जागा रिकामी.

"आई, एक सही."

"मला सही येत नाही."

"अंगठा चालतो."

"अंगठा दुखतोय!"

असं आमचं रोज चालायचं. बॅग मी पूर्ण उघडलीच नाही. लुगडं वरून काढायचं, धुऊन वाळलं की परत बॅगेत. बाहेर पाऊस. तिथला पाऊस धड पडत नाही, धड थांबत नाही. नुसती पिरपिर. मी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. मेघना म्हणाली, "आई, कार्पेट झिजेल हो!"

अशा येरझाऱ्या घालता घालताच एक दिवस मी गॅरेजमध्ये पोचले.

*

गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच. होती ती यांची बिअरची भट्टी!

दर रविवारी तिथं चौघं जमायचे. सुहास, नागपूरचा प्रफुल्ल, पुण्याचा केदार आणि शेजारचा ग्लेन. ग्लेन म्हातारा, आयुष्यभर ट्रक चालवून रिटायर झालेला. यांना बिअर करायला त्यानंच शिकवलेलं. बार्लीचा काढा उकळायचा, आंबवायचा आणि उंच स्टीलच्या पिंपात भरायचा. त्या पिंपाला केग म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी त्या केगमध्ये हॉप्स घालायचे. हॉप्स म्हणजे एका वेलाची वाळवलेली हिरवी फुलं. चवीला कडू, वासाला झकास. आपण आमटी उतरवताना वरून मसाला घालतो ना, तसंच. नुसत्या वासासाठी.

मी बिअर कधी थेंबभर घेतली नाही. पण वास घ्यायला कुणाची मनाई?

एका दुपारी फ्रीझरमध्ये मटार शोधताना मला या फुलांची दोन पाकिटं सापडली. उघडून पाहिली. वास कच्चा. हात लावला तर गार आणि दमट. मला वाटलं, इथला काहीतरी मसाला आहे, आणि पोरांनी न भाजताच ठेवलाय. माझ्यासारख्या बाईला हे बघवतं होय! कढई ठेवली, तेलाचं बोट फिरवलं आणि दोन्ही पाकिटं खमंग परतली.

छतावरचं ते धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. घरभर कडू धूर. सुहास जिन्यावरून धावत आला, मागोमाग प्रफुल्ल आणि केदार.

"आई, काय जाळलंस?"

"जाळलं नाही, भाजलं. कच्चं होतं."

प्रफुल्ल कढईत बघून तिथंच जमिनीवर बसला. "काकू, यंदा हॉप्स मिळून नाही राह्यले जी! दुकानदार माणूस पाहून देते!"

खरंच होतं ते. त्या वर्षी हॉप्सचा मोठा तुटवडा. ग्लेन आला, कढईकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. कुणी गेल्यावर धरतात तशी.

मला वाईट वाटलं, पण खोटं कसं बोलू? ईशाला म्हटलं, "त्यांना सांग, एक पाकीट तसंही टाकूनच द्यायचं होतं. ओल्या मोज्याचा वास मारत होतं. दुसरं चांगलं होतं, संत्र्याच्या सालीचं."

ईशानं इंग्रजीत सांगितलं. ग्लेनची टोपी परत डोक्यावर गेली. तो घरी जाऊन पाच पाकिटं घेऊन आला आणि मला डोळे मिटायला सांगितलं. मी एकेक हुंगलं. हे ताजं, हे ताजं, हे मोज्याचं, हे देवदाराच्या लाकडाचं, हे गेल्या वर्षीचं. ग्लेननं पाकिटांवरच्या तारखा पाहिल्या आणि सुहासला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, तुझी थर्मामीटरं फेकून दे. आईचं नाक ठेव."

*

नाकावरून पैज लागली ती अशी.

मार्चमध्ये त्यांच्या बिअर क्लबची स्पर्धा असायची. पहिल्या तिघांना रिबन. सुहास तीन वर्षं भाग घेत होता आणि तीन वर्षं हात हलवत परत येत होता. मी एक दिवस परत विषय काढला, मला मार्चमध्ये जायचंय, मिरची भरायचीय. तो वैतागला.

"बरं, असं करू. माझ्या बिअरला रिबन मिळाली तर तू जायचं. मी स्वतः कराडपर्यंत सोडायला येतो, फॉर्म फाडून टाकतो. नाही मिळाली तर सही."

"शब्द?"

"शब्द!"

तीन वर्षांचा अनुभव पाठीशी असल्यामुळे तो अगदी निर्धास्त होता!

पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. त्या दिवसापासून गॅरेजमध्ये बिअर उत्तम व्हावी असं सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल, तर ते मला. थेंब न पिणाऱ्या बाईला!

*

सुरुवात पुरचुंडीपासून केली. त्याला कारण प्रफुल्ल.

हे लोक हॉप्स तसेच सुट्टे केगमध्ये टाकायचे. कधी फुलं, कधी त्यांच्या दाबून केलेल्या गोळ्या. गोळ्या दिसायला थेट शेळीच्या लेंड्या. प्रफुल्लनं एकदा घाईत गॅस भरून ठेवलेल्या केगचं झाकण उघडलं आणि वरून ओंजळभर गोळ्या सोडल्या.

भस्सकन बिअर वर आली. प्रफुल्लचं तोंड, चष्मा, भिंत, छत. छतावरून परत प्रफुल्लवर!

केदार लांब उभा होता. केदार नेहमी लांबच उभा असतो. "पुस्तकात स्पष्ट दिलंय. गॅस भरलेल्या बिअरमध्ये कोरडं काही टाकू नये."

प्रफुल्लनं चष्मा काढून पुसला. "तोंड बाजूले घ्या, हे बी लिहिलं हाये का पुस्तकात?"

उरलेली बिअर नळातून येईना. आली तेव्हा हिरवा गाळ आला. ग्लेननं ग्लास उजेडात धरून विचारलं, हे प्यायचं की भातावर घ्यायचं?

मग मी चक्का टांगायचा पंचा फाडला, उकळून घेतला, त्यात हॉप्स बांधले. पुरचुंडी. सुटसुटीत! आत सोडायची, वास उतरला की काढायची. गाळ नाही, काही नाही. चौघंही माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी विमान बनवलं!

*

पुरचुंडी आत सोडली तरी परत काढायची कशी? तर दोरा बांधायचा आणि त्याचं टोक झाकणाखालून बाहेर ठेवायचं. पण दोरा जाड असला की झाकण नीट बसत नाही, गॅस जातो. सुहासनं डोकं लढवलं. दातांतून ओढायचा तो बारीक दोरा, फ्लॉस, तो वापरायचा. प्रफुल्लला आणायला पिटाळलं.

आठ दिवसांनी ती बिअर काढली. केदारनं घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. केदार पुण्याचा. त्याला मत द्यायला वेळ लागतो, पण दिलं की ते छापील असतं.

"यात एक थंडावा आहे. किंचित पुदिना. फार वेगळा हॉप्स आहे हा. कुठला?"

प्रफुल्लनं खिशातून डबी काढून त्याच्यापुढे धरली. "दाताचा!"

त्यानं पुदिन्याच्या वासाचा फ्लॉस आणला होता. सेलमध्ये होता म्हणे!

*

पुढची अडचण अशी की पुरचुंडी तरंगते. ती बुडायला आत काहीतरी जड हवं. त्यावरून आमच्या घरात जे घडलं ते कराडला मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

डिसेंबरातली गोष्ट. मी आणि मेघना भाजी आणायला गेलो होतो. सुहास ऑफिसात. ग्लेन गॅरेजमध्ये पुरचुंडी बांधत होता, मी शिकवली होती तशी. परत आलो, मी संध्याकाळी दिवा लावायला गेले, तर देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नाही! पितळेचा, रांगणारा, हातात लाडू. माझ्या सासूबाईंचा. कराडहून रुमालात गुंडाळून आणलेला.

सगळं घर पालथं घातलं. मेघनानं व्हॅक्यूमची पिशवी फोडून पाहिली. केदारनं कागदावर घराचा नकाशा काढून चौकोन पाडले आणि एकेक चौकोन तपासला. बाळकृष्ण नाही. आठ दिवस मी रिकाम्या पाटाला गंध लावत होते आणि दर तासाला उठून तेच तेच कोपरे बघत होते. जीव थाऱ्यावर नाही.

नवव्या दिवशी केग उघडली. मी दोरा ओढला तर पुरचुंडी भलतीच जड. सोडली. हिरव्या चोथ्यात बाळकृष्ण! लाडवाचा हात वर, आणि चिंचेनं घासल्यासारखा लख्ख!

मी ग्लेनकडे पाहिलं. ग्लेननं ईशाकडे पाहिलं. त्यानं पोरीला एवढंच म्हटलं होतं, घरातली एखादी जड आणि अगदी स्वच्छ वस्तू आण.

ईशाला तिची चूक काही दिसेना. "बट आजी, ही इज द क्लीनेस्ट थिंग इन द हाउस! यू गिव्ह हिम अ बाथ एव्हरी डे!"

मी बाळकृष्ण उचलून पदरानं पुसला.

केदार मागे सरकला. "पितळ आहे ते! आंबट द्रवात पितळ? अख्खी केग ओतून द्यावी लागेल."

प्रफुल्लनं केगसमोर हात जोडले होते. "ओतून राह्यला का बे? आता तर तीर्थ झालं ते!"

*

तेव्हापासून आम्ही काचेच्या गोट्या उकळून वापरायला लागलो, आणि केदारनं सगळ्या केगवर चिठ्ठ्या लावल्या. कुणाची केग, कुठला हॉप्स, पुरचुंडी कधी सोडली, कॉम्प्युटरवर छापून, अगदी टापटीप. मला काय त्याचं? मला वाचता कुठं येत होतं! मी आपली कुंकवाची बोटं लावली. केदारच्या केगला एक, प्रफुल्लच्या केगला दोन, सुहासच्या केगला तीन.

गॅरेजमध्ये ओल. एका रविवारी येऊन बघतात तर सगळ्या चिठ्ठ्या सुटून जमिनीवर, एकीला एक चिकटून लगदा. केग सगळ्या सारख्या. केदारचा चेहरा पांढरा पडला.

"ही तुझी," मी म्हटलं, "ही प्रफुल्लची, ही सुहासची. तुझ्यातली पुरचुंडी उद्या निघेल."

तेवढ्यात ईशाच्या लक्षात आलं. "वेट. आजी कान्ट रीड?"

मला वाटलं पोरगी हसेल. ती हसली नाही. तिला एवढा आनंद झाला की विचारू नका! ती दर रविवारी सकाळी मराठी शाळेत जायची. तीनचार आईवडील मिळून लायब्ररीच्या एका खोलीत चालवायचे. ईशाला तिचा भयंकर कंटाळा. आता तिला तिच्या खालच्या वर्गातली एक विद्यार्थिनी सापडली!

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुरू. मला वही, मला होमवर्क.

"आजी, नो! हा 'ग' नाही. धिस इज अ हॉकी स्टिक!"

माझ्या वहीत ती लाल पेनानं शेरे मारायची. एकदा रडका चेहरा काढून खाली काहीतरी लिहिलं. मेघनानं वाचून दाखवलं, "नीड्स इम्प्रूव्हमेंट." मी दुपारी चोरून पुढची अक्षरं गिरवायची, म्हणजे तिच्या मागे पडायला नको. मी पुढे जाईन या भीतीनं तीही गिरवायची. आत्तापर्यंत जिला मराठी शाळेत ओढत न्यावं लागायचं, ती मला 'भ' शिकवायचा म्हणून आधी स्वतः 'भ' घटवायला लागली!

सुहासनं हे पाहिलं आणि लगेच डाव टाकला. "काय आई, आता सही यायला हरकत नाही!"

माझं नाव सिंधू. मी म्हटलं, "अजून 'स' आला नाही."

*

जानेवारीत मला सर्दी झाली. नाक पार चोंदलं. चहा की काढा, कळेना.

सुहासच्या केगमध्ये पुरचुंडी होती. ती कधी काढायची हे माझं काम. हॉप्सचं असं आहे, लवकर काढले तर वास उतरत नाही. उशीर झाला तर सगळा सुगंध जातो आणि नुसतं गवत उरतं. मधला एक दिवस असतो, तोच तेवढा त्याचा. मसाला भाजताना चार हलवण्या जास्त झाल्या की गेला, तसंच. केदार म्हणायचा पुस्तकात दिवस दिलेत. पण पुस्तकाला काय माहीत गॅरेज किती गार आहे!

त्या वेळी मी अंदाजानंच म्हटलं, राहू दे अजून. नाक सुटल्यावर झाकण उघडलं तर दोन दिवस उशीर झालेला. फक्त दोन दिवस!

ग्लेननं घोट घेतला आणि दाराबाहेरच्या हिरवळीकडे बोट दाखवलं. "आय मोड धिस लास्ट समर." हेच गवत त्यानं गेल्या उन्हाळ्यात कापलं होतं म्हणे!

प्रफुल्लनं ग्लास खाली ठेवला. "गाय पाळा जी काकू. तिले आवडंन."

*

फेब्रुवारीत नाक ठणठणीत. त्या खेपेची केग मी बरोबर दिवशी उघडायला लावली. सुहास ती क्लबात घेऊन गेला, मलाही नेलं. तिथं दाढीवाले मोठमोठे बाप्ये ग्लास नाकाशी धरून एकमेकांकडे बघत होते. एकानं येऊन सुहासचा हात हलवला. मग दुसऱ्यानं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याची बिअर कुणी परत मागितली.

परत येताना गाडीत मीच विषय काढला.

"काय रे, चांगली झाली ना?"

"फार चांगली झाली," तो म्हणाला. पुढे रेडमंड येईपर्यंत आम्ही दोघं काचेवरचे वायपर बघत बसलो.

*

मार्च उजाडला. मी रोज कराडला फोन लावायला लागले. कांडपाची किल्ली माझ्या धाकट्या जावेकडे, वत्सलाकडे होती.

"आक्का, तुम्ही बिनघोर राहा. मिरची भरली. परवापासून डंक सुरूच केले."

"सुरू केले? मला न विचारता?"

"गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, काय करू?"

"दगडफूल कुणाकडनं घेतलं?"

"नेहमीच्याकडनं. वास घेऊन घेतलं."

"कढईखालचा जाळ?"

"मंद ठेवते. तुम्ही शिकवलाय तसाच."

मी रागवायची तयारी करून बसले होते आणि रागवायला जागाच सापडेना! फोन ठेवला आणि परत खिडकीपासून दारापर्यंत. एवढे दिवस मला माहीत होतं मी कशासाठी फेऱ्या घालतेय. त्या दिवशी तेही कळेना.

*

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी मी गॅरेजमध्ये गेले तर सुहास एकटाच. बार्लीची पोती तोलायचा काटा छताला टांगलेला होता. त्याच्या आकड्याला माझी बॅग!

"काय करतोस?"

"वजन बघतोय. विमानात जास्त चालत नाही." तो काट्याकडे बघत होता. "बावीस किलो. अजून एक किलो बसेल. काय न्यायचंय तुला?"

"रिबन मिळाली कुठं अजून?"

"मिळेल. या वेळची बिअर तूच बघितलीस ना. मिळेलच."

त्यानं तिकिटाची चौकशीही करून ठेवली होती. शब्द दिला होता ना. लहानपणापासून असाच आहे तो. आणि नाकही माझंच. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी ओरडून सांगायचा, आई, आज ब्याडगी कुटतेस! कधी चुकला नाही. संगणकापुढे बसून बसून त्यानं ते नाक वापरायचं सोडलं, एवढंच.

काटा हलायचा थांबला.

"बाबा गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो," तो म्हणाला. वजन सांगितलं त्याच आवाजात.

मग त्यानं बॅग खाली काढली, तळाला लागलेला बार्लीचा भुसा रुमालानं पुसला आणि ती माझ्या खोलीत नेऊन ठेवली.

*

स्पर्धा रविवारी होती. शनिवारी संध्याकाळी बाटल्या भरायच्या. गुरुवारी सगळे ऑफिसातून थेट गॅरेजमध्ये आले. कुणी चहासुद्धा घेईना. प्रफुल्ल नखं खात होता. केदारनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. ईशा माझी वही घेऊन पायरीवर बसली होती. त्या आठवड्यात आम्ही 'स'वर आलो होतो.

सुहासनं तीन बोटांच्या केगचा गॅस सोडला. झाकण काढून बाजूला ठेवलं आणि मागे सरकला. "आई, बघ."

मी वाकले.

काय सांगू तुम्हाला! आधी संत्र्याची साल. मग त्याच्या मागून आंब्याचा मोहोर. सकाळी ऊन लागायच्या आधी येतो ना, तसा. आणि अगदी तळाशी कडूपणा, पण तो शहाण्या माणसासारखा गप्प बसलेला. इतक्या वर्षांत इतका नेमका वास मला माझ्या स्वतःच्या कढईतनं चार-पाचदाच आला असेल.

"काय म्हणता काकू?" प्रफुल्लनं दोऱ्याचं टोक धरलं. "काढू?"

मी परत वाकले. उगाचच. मग सरळ झाले आणि पदरानं नाक पुसलं.

"राहू दे," मी म्हटलं. "अजून दोन दिवस."

केदारनं घड्याळ परत मनगटावर बांधलं. प्रफुल्लनं दोऱ्याचं टोक सोडलं. माझ्या शब्दावर उलट विचारायची गॅरेजमध्ये पद्धत नव्हती.

सुहास पुढे आला. केगवर वाकला. एक लांब श्वास घेतला. आणि तसाच वाकलेला राहिला.

तेवढ्यात ग्लेन रस्ता ओलांडून आला. तो अजून दारातच होता, तर हवेतला वास त्याच्यापर्यंत गेला. त्यानं टोपी मागे सरकवली, दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं ओरडला.

"टुडे! लेडी, इट्स टुडे!"

सगळे माझ्याकडे वळले. सुहासनं झाकण उचललं, केगवर ठेवलं आणि कडी खाली दाबली. माझ्याकडे न बघता.

मी ईशाला जवळ बोलावलं.

"त्यांना सांग," मी म्हटलं, "आजीला सर्दी झालीय."